सोळा खान्यांची पायरी

संघमित्राइतकी, आमच्या मित्राइतकी, चिवट मुलगी मी पाहिली नाही, आणि खरं सांगते, अशा माणसांचा मला रागच येतो. तिचे वडील अंबादास हिंगोलीहून येऊन मरोळच्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षं लेथवर उभे राहिले. तिथून दोन गल्ल्या सोडून आमचं ऑफिस. तिथे आम्ही दोघी शेजारी बसून संगणकावर समुद्र चालवायचो. चौदा एप्रिलला ऑफिसभर पेढे वाटणारी ही पोरगी एरवी कुणाच्या चुकीला माफ करायची नाही. स्वतःच्या तर नाहीच.

समुद्रात कुठे कुठे वर कोमट, खारं पाणी असतं आणि खाली गार, कमी खारं. उष्णता भराभर पसरते, मीठ तिच्या शंभरपट सावकाश. त्यामुळे पाणी सरळ मिसळत नाही, जिन्यासारखे थर पडतात. मित्राच्या मॉडेलमध्ये, म्हणजे आठ महिने खपून तिने संगणकात बांधलेल्या पाण्यात, अशा पायऱ्या दिसल्या. प्रत्येक सोळा सेंटिमीटरची. आमचे प्रमुख देवदत्त सर खूश झाले. शुक्रवारी तीनच्या बैठकीत या निकालावर तिच्या नोकरीची मुदत वाढायची होती. नाही वाढली तर महिनाअखेर घरी.

आणि या बयेने सोमवारी काय करावं? मॉडेलमधल्या पाण्याचे एक सेंटिमीटरचे खाने, म्हणजे कप्पे, होते, ते अर्ध्याचे केले आणि सगळं पुन्हा चालू केलं.

"कशाला गं?" मी विचारलं.

"ताई, पायऱ्या समुद्राच्या असतील तर सोळा सेंटिमीटरच राहतील ना? आठ झाल्या तर त्या आपल्या खान्यांनी पाडल्यात."

"बैठक झाल्यावर कर."

"मग काय उपयोग?"

"वाट लागेल तुझी."

"लागू दे."

चार दिवस मशीन चालत होतं. शुक्रवारी दुपारी एक वाजता तिने डबा उघडलाच नाही. एसीत बसून मला घाम फुटला होता. तिला वाटलं, मला तिचीच काळजी.

दीड वाजता आकडे आले. आठ सेंटिमीटर.

ती रडली नाही. जुन्या फायली उघडून एकेक ओळ वाचत गेली आणि अडीचला तिला ती सापडली. आकडे भरकटून मॉडेल मध्येच फुटू नये म्हणून सोळा खान्यांपेक्षा बारीक सगळे चढउतार पुसणारी एक ओळ. शेजारी शेरा होता, 'तात्पुरतं'. खाली सात वर्षांपूर्वीची तारीख आणि माझं नाव.

"तुमच्या लक्षात राहिलं नसेल ताई," ती म्हणाली.

मी 'हो' म्हणून मान हलवली. मला स्वतःची शरम वाटली, पण मान हलवली.

बैठकीत तिने ओळ पडद्यावर दाखवली. माझं नाव तेवढं कापून.

"कोणाची ही?" सरांनी विचारलं.

"जुनी आहे, सर. मी न तपासता वापरली. चूक माझी."

"म्हणजे आठ महिने पाण्यात." सरांनी तिच्या मुदतवाढीचा कागद बाजूला सारला. "मग मी शिफारस कशी करू?"

टेबलाची कड तिने इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली.

"सर, ती ओळ माझी," मी म्हणाले. "माझे दोन्ही शोधनिबंध त्याच ओळीवर उभे आहेत."

"सात वर्षांत एकदाही तपासली नाहीस?"

"भीती वाटत होती. असंच काहीतरी निघेल, असं पहिल्यापासून वाटत होतं."

"हिने चार दिवसांत तपासली," म्हणत सरांनी कागद पुन्हा पुढे ओढला, सही केली आणि तिच्याकडे सरकवला. मित्राने तो उचललाही नाही. ती माझ्याकडे बघत होती.

"आठ महिने मी तुमच्या शेजारी बसून त्या पायऱ्या मोजत होते," ती म्हणाली. "तुम्ही बघत होतात?"

"हो," मी म्हणाले.