भिंतीवर न लावलेलं चित्र

बायकोला वाटतं, तिला माझं सगळं माहीत आहे. आहेही — एवढं एक सोडून. हे मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? खरंच ठाऊक नाही.

मी मूळचा जतकडचा. आमची मेंढरं. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. पुढे कोयनानगरला एका संस्थेची जीप चालवायला लागलो. घर तिथून दिवसभराच्या एसटीवर, सणाला जमलं तर जायचं. संस्था पाणी, रस्ता असल्या कामांसाठी गावोगाव बैठका घ्यायची. मी सतरंज्या अंथरायचो आणि मागे बसून ऐकायचो. एक गोष्ट ध्यानात आली — बैठकीत तोंडावर पदर धरून बसलेल्या बायका परतताना माझ्या गाडीत लय बोलायच्या. खरी बैठक गाडीतच व्हायची म्हणा ना! एकदा भीत भीत नलूताईंना म्हणालो — त्या संस्थेच्या प्रमुख — ताई, ह्यांना लिहाय-बोलायला लावण्यापेक्षा चित्र काढू द्या की. दुसरं कुणी हसलं असतं. ताईंनी पुढच्या बैठकीला खडूचा डबा माझ्याच हातात दिला.

तिथून हे काम माझं झालं. ह्या कामाला पगार असतो, हेच मला कितीतरी दिवस खरं वाटत नव्हतं. कुणीतरी विचारेल, शिक्षण किती? ही धाकधूक तर अजून आहे.

पद्धत साधी. सगळ्यांनी गोल बसायचं, खुर्ची कुणालाच नाही. प्रत्येकाला एक कागद. मनातलं लिहा नाहीतर काढा, नाव टाकू नका. मी कागद गोळा करायचे, एकेक सगळ्यांना दाखवायचा आणि भिंतीवर चिकटवायचा. मग प्रत्येकाने मक्याचे पाच दाणे घेऊन आपल्याला पटलेल्या चित्राखाली ठेवायचे. कुणाचाही कागद असो, भिंतीवर लागलाच पाहिजे — हा नियम. कुणी केला? मीच. ताईंनी तो इतर गावांतही चालू केला.

आता त्या दिवसाकडे येतो. येतो म्हणतोय आणि लिहिता लिहिता हात थांबतोय.

घाटातलं गाव. वर डोंगरात धनगरवाडा, चारच घरं. दोन्हींच्या मध्ये बारमाही झरा. झऱ्यावर टाकी बांधून नळाने पाणी खाली गावात आणायचं, असं गावाचं जवळपास ठरलेलं. बैठक फक्त सगळ्यांचा होकार घ्यायला. माझी एकट्याने घेतलेली पहिलीच बैठक, आणि मला कायम करायचं की पुन्हा जीपवर बसवायचं हे बघायला नलूताई स्वतः आलेल्या.

गावातले निवृत्त सुभेदार मांडी घालताना कुरकुरले, "आवं, आमाला पोरासोरांगत चित्रं काढाय बसवलंय ह्यानं! उरका रं, पाचची एसटी हाय." सगळे हसले. मीही हसलो.

धनगरवाड्यातून एकटी भागूमावशी खाली उतरून आली होती. कडेला बसली, पण गोलातच. जीभ दाताखाली धरून बराच वेळ काढत होती. तिचा कागद हातात आला आणि मी बघितलं — झरा. झऱ्यापासून खाली जाणारी एक जाड रेघ. आणि वरच्या अंगाला पाय वर करून पडलेल्या तीन म्हशी.

मेंढरांमागे वाढलेल्या माणसाला ह्याचा अर्थ कुणी सांगावा लागतो का? पाणी खाली नेलंत तर चैत्रात आमची जनावरं मरतील. एवढंच. सरळ.

तो कागद वर धरला असता तर सुभेदार उसळले असते. वाद पेटला असता, होकार झाला नसता, ताईंनी वहीत काय लिहिलं असतं? एका क्षणात एवढं सगळं डोक्यातून गेलं. मी कागद दुमडून खडूच्या डब्याखाली सारला. कुणी बघितलं नाही.

मावशी भिंतीवर शोधत राहिली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत या टोकापर्यंत. दाणे ठेवायची वेळ आली तेव्हा तिने तिचे पाच दाणे कुठेच ठेवले नाहीत. मूठ तशीच मिटून वर निघून गेली. आणि ताई मला म्हणाल्या, "आज खरंच सगळ्यांचं ऐकलं गेलं." मी कायम झालो.

टाकी झाली. पहिल्याच उन्हाळ्यात वर पाणी उरलं नाही. मावशीने म्हशी विकल्या आणि ती लेकीकडे कोरेगावला गेली, हे मला कानावर आलं. मी चौकशी केली नाही.

इथवर मी फक्त भ्यालो होतो, असं तुम्ही म्हणाल. पण खरं सांगायचं ते पुढेच आहे.

दोन वर्षांनी कोरेगावच्या बाजारात ती समोरच आली. मला वाटलं, आता शिव्या घालणार. घातल्या असत्या तर — पण तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला. "वाळलास की रं लेकरा! खातोस का न्हाई?" मग जरा थांबून, लाजत म्हणाली, "एक इचारू? त्या दिवशी माज्या म्हशी वळकू आल्या न्हाईत व्हय? लय वंगाळ काढल्या व्हत्या का?"

दोन वर्षं ती हेच धरून बसली होती. चूक आपल्या हाताची, असं.

तेव्हा मला कुणाचं भय होतं? नोकरी कायम होती. ताई नव्हत्या, सुभेदार नव्हते. भर बाजारात आम्ही दोघंच एकमेकांना ओळखत होतो.

मी म्हणालो, "व्हय मावशी. काय काढलंय, कळलंच न्हाई."

"तरी वाटलंच," ती हसली. "जल्मात कवा खडू धरलावता? आता लेकीच्या गावात बी बैठकीला बोलावत्यात. म्या न्हाई जात. आपल्याला काय काढाय येतंय!"

मी तिची पिशवी घेतली, रस्ता ओलांडून दिला. चित्र मला पहिल्या नजरेत कळलं होतं. पलीकडे पोचल्यावर तिने पिशवी मागितली, मी दिली, आणि ती गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभा राहिलो.