एका रांगेतल्या तीन खुर्च्या

सोलापूर मागे पडून तुळजापूरचा घाट चढला की हवा कोरडी होते. जानेवारी होता. एसटीच्या खिडकीतून कणसाला आलेली ज्वारी आणि मधूनच करडईचे पट्टे दिसत होते. आदल्या दिवशी चिपळूणहून निघाले होते, अंग आंबून गेलं होतं, तरी डोळा लागत नव्हता. दुसऱ्या दिवशीच्या बाराच्या खेळाची तीन तिकिटं मी मोबाइलवरून काढून ठेवली होती. कमलला वाटत होतं, आम्ही दोघीच जाणार. रेखालाही तसंच वाटत होतं.

आम्ही तिघी धाराशिवला डी.एड.ला एकत्र होतो. माझे वडील बदली होऊन आलेले कारकून, कमल बेंबळीच्या मराठा शेतकऱ्याची मुलगी, रेखा भूमच्या बौद्ध कुटुंबातली. दुपारी तिघींचे डबे एकत्र व्हायचे आणि कुणाची भाजी कुठली ते कुणी बघत नसे. पुढे रेखा शिक्षिका झाली, कमल गावातच दिली गेली आणि शेतात रमली. मग कधीतरी त्या दोघींचं बोलणं बंद झालं. त्याला अकरा वर्षं होऊन गेली. कारण विचारलं की दोघीही विषय बदलायच्या.

रात्री मी बेंबळीत कमलकडे राहिले. सकाळी तिनं ज्वारीच्या पिठात तिखटमीठ घालून थापलेले धपाटे फडक्यात बांधून घेतले. बसमध्ये ती लहान मुलीसारखी खूश होती. थेटरात शेवटचं कधी गेले ते आठवतही नाही, असं दोनदा म्हणाली. तिला खरं सांगावं असं मला वाटलं, पण जीभ उचलली नाही.

धाराशिवला चित्रपटगृहाच्या फाटकाशी रेखा उभी होती. कमलला बघून तिचा चेहरा मिटला. ती माझ्याकडे बघत शांतपणे म्हणाली, "हे तू बरं केलं नाहीस." मी माफी मागितली. ती फाटकाकडे वळली.

"एवढ्या लांबून आलीस म्हणून थांबते. पण मधी तू बस."

चित्रपट हलकाफुलका होता, लोक हसत होते. माझ्या दोन्ही बाजूंना मात्र कुणी हसत नव्हतं. मध्यंतराला मी धपाटे पुढे केले. रेखानं भूक नाही म्हणून सांगितलं. कमलनं फडकं पुन्हा बांधलं आणि मांडीवर ठेवलं.

मध्यंतरानंतर थोड्याच वेळात वीज गेली. पडदा विझला आणि जनरेटर काही सुरू होईना. मागे कुणी शिट्ट्या मारत होतं. त्या अंधारात कमल बोलू लागली.

"रेखा, तुझ्या पोरीच्या लग्नाला मला ताप आला न्हवता. घरचे म्हनले, त्यांच्यात जेवायला जायचं न्हाय. आन् म्या गप बसले."

रेखा खुर्चीत पुढे सरकली.

"मला तवाच कळलं होतं," ती म्हणाली. "त्याच दिवशी तुला बाजारात बघितलं होतं लोकांनी."

"मग मला कधी इचारलं का न्हाईस?"

"मी का विचारायचं? तू सांगायचं होतंस."

कमल पदराआड रडत होती. आवाज येऊ नये म्हणून तिनं पदर तोंडात धरला होता. तेवढ्यात पडदा उजळला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. थोड्या वेळानं रेखानं माझ्या दंडाला हात लावला आणि मला तिच्या जागी सरकायला सांगितलं. पुढचा सिनेमा मी कडेच्या मोडक्या खुर्चीत, अंग सावरत बघितला. त्या दोघी बोलत नव्हत्या, नुसत्या शेजारी बसल्या होत्या.

बाहेर आल्यावर आम्ही धाराशिवचे गुलाबजाम खाल्ले. स्टँडवर भूमची गाडी लागलेली होती. रेखा निरोप घ्यायला वळली, तर कमलनं आधी आपल्या घरी फोन लावला.

"म्या भूमला रेखाकडं चालले," ती नवऱ्याला म्हणाली. "तिथंच जेवनार हाय. उद्या येते."

पलीकडून काय उत्तर आलं ते तिनं आम्हाला सांगितलं नाही. रेखानंही विचारलं नाही. तिनं पिशवी उचलली आणि आमच्यासाठी जागा धरायला पुढे चढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा होताच, कमलनं रेखाच्या लेकीच्या लग्नाचा अल्बम मागून घेतला. दोन तास ती एकेक फोटो बघत होती. हा कोण, ही कुणाची, जेवायला काय केलं होतं, सगळं विचारत होती. रेखा आधी तुटक सांगत होती, मग ओघानं सांगू लागली. एका पानाशी मात्र ती थांबली.

"इथं तुझी वाट बघत होते मी," ती म्हणाली.

कमलनं त्या फोटोवरून हात फिरवला.

परतीच्या गाडीत मला माझीच लाज वाटली. या सहलीसाठी मी दोघींशी खोटं बोलले आणि वर स्वतःला मोठी शहाणी समजत होते. त्या अंधारात खरं बोलली ती कमल. अकरा वर्षांचं दुःख एका दुपारी फिटलं असं मी म्हणणार नाही, रेखाही म्हणणार नाही. पण मी निघाले तेव्हा त्या दोघी भूमच्या फलाटावर उभ्या होत्या, आणि कमल तिला बेंबळीला कधी येतेस ते विचारत होती.