तांडेल, कुत्रे धरा

तांडेलांनी मला एकदाही ‘घाबरू नका’ असं सांगितलं नाही. कुत्र्यांना भिणाऱ्या माणसाला सगळं जग हेच वाक्य ऐकवतं आणि वर ‘तो काही करत नाही’ अशी पुस्ती जोडतं. दांडी गावच्या शाळेत मास्तरीण म्हणून रुजू झाले, तेव्हा तांडेलांच्या पडवीलगतची खोली मी भाड्याने घेतली. पहिल्याच दिवशी अंगणात तीन कुत्रे बघून मी दाराबाहेरच थिजले. तांडेल खाटेवर जाळं शिवत बसले होते. मान वर करून म्हणाले, ‘चावतील पण. दात हायेत त्यांना. थांबा तितंच, मी धरतो.’ आणि उठून त्यांनी तिघांनाही धरलं. मी भिंतीला घासत आत गेले. त्या दिवसापासून रोज शाळा सुटली की मी कुंपणापाशी उभी राहून ओरडायची, ‘तांडेल, कुत्रे धरा!’ हातातलं काम टाकून ते यायचे.

माझी भीती उगाचची नव्हती. लहानपणी आमच्या आळीत एकाला पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं. शेवटचे दोन दिवस त्याला खोलीत कोंडून ठेवलं होतं. मी तेव्हा आठ वर्षांची. त्या बंद दाराआडून येणारा आवाज मी ऐकला आहे, आणि तो माणसाचा आहे हे मला माहीत होतं. त्यानंतर कुत्र्याचं पिल्लू जवळ आलं तरी माझे पाय गळायचे.

तांडेल म्हणजे बोटीचा कप्तान. गुडघे धरायला लागल्यावर त्यांनी दर्या सोडला आणि बोट मुलाकडे, हरेशकडे दिली. पण हुकूम सोडायची सवय गेली नाही, तेव्हा तीन कुत्रे पाळले. लठ्ठ, पिवळा होता तो नाखवा. बोटमालकासारखा काम न करता सगळ्यात आधी जेवायचा. गोल डोक्याची काळी कुत्री बोया, कारण झोपेतसुद्धा तिचं डोकं जाळ्याला बांधलेल्या, पाण्यावर तरंगणाऱ्या बोयासारखं हलत असे. आणि काटकुळा, सतत धावणारा तो खलाशी. वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या आडव्या ओळींवर, वाळत घातलेले बोंबील राखणं ही त्यांची नोकरी. कावळे ते चोख हाकलत आणि वर मजुरी म्हणून खालच्या ओळीतले बोंबील स्वतः संपवत. तांडेलांची बायको, आमची काकी, लाटणं घेऊन मागे लागली की तांडेल कुत्र्यांची बाजू घेत. भुकेल्या माणसांवर बोट चालत नाही, असं त्यांचं म्हणणं.

त्या कुत्र्यांनी माझे काय हाल केले म्हणून सांगू! खलाशीने माझी एक चप्पल पळवली. मी चार दिवस काकीच्या चपला फरफटवत शाळेत गेले. नाखवा एकदा माझ्या मागोमाग वर्गात आला आणि टेबलाखाली झोपला. तो तास मी खुर्चीवर मांडी घालून घेतला. पोरं फिदीफिदी हसत होती आणि मी घामाने भिजून बाराचा पाढा म्हणवून घेत होते. संध्याकाळी तांडेलांनी नाखव्याला माझ्यासमोर उभं करून खडसावलं. माझ्या भीतीची त्यांनी कधी चेष्टा केली नाही. म्हणून तर मी ती खोली बदलली नाही.

एकदा मी त्यांना वादळाबद्दल विचारलं. तरुणपणी ते दीड दिवस वादळात सापडले होते, आणि सगळी बोट जिवंत परत आणली होती. गावात अजून लोक ते सांगत. भीती नाही वाटली का, असं मी विचारलं. तांडेल जाळ्यातली सुई थांबवून म्हणाले, ‘भ्यालो ना. जाम भ्यालो. भ्यायचं, बाई. फकस्त सुकाणूवरचा हात काढायचा नाय.’

त्याच वर्षी एक बाहेरचं कुत्रं गावात शिरलं. तोंडाला फेस, चाल तिरकी. वलांडीपाशी आमच्या तिन्ही कुत्र्यांची आणि त्याची झटापट झाली. गावकऱ्यांनी ते काठ्यांनी मारलं. झटापटीत कुणाला दात लागले, हे कुणीच नीट पाहिलं नव्हतं. त्यानंतर आठवड्याभराने खलाशी जुन्या जाळ्यात गुरफटला. तांडेल ते कापायला वाकले आणि खलाशीने त्यांच्या मनगटाला कडकडून चावा घेतला.

बोईसरच्या डॉक्टरकडे त्यांना मीच घेऊन गेले, कारण चिठ्ठ्या वाचायला कुणीतरी हवं होतं. डॉक्टरांनी जखम धुतली आणि पोटात चौदा इंजेक्शनं लगेच सुरू करायला सांगितली. तांडेल खुर्चीतून उठले. तो वादळातला माणूस दाराची कडी चाचपडत होता. डॉक्टरांनी रागावून, समजावून पाहिलं. शेवटी बजावलं, ‘मग कुत्रं दहा दिवस बांधून ठेवा. आजारी पडलं, मेलं किंवा दिसेनासं झालं, तर एक दिवसही थांबू नका.’ एसटीत तांडेल खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘घरात सुईचं बोलू नका, बाई. सुईला मी भितो, ते पोराला कळाया नको.’

मी बोलले नाही. माझ्या भीतीचा त्यांनी मान राखला होता, मग त्यांच्या भीतीचा मी राखायला नको का? असा माझा हिशेब. तो किती चुकीचा होता, हे पाचव्या दिवशी कळलं.

घरात कुत्रं बांधून ठेवा इतकंच सांगितलं गेलं होतं, का ते नाही. मी रोज शाळेत जाताना लांबूनच खलाशीची थाळी बघायची. पाचव्या दिवशी सकाळी थाळीतला भात तसाच होता. दुपारी परत आले, तर खांबाला दोरीच नाही आणि कुत्राही नाही.

हरेशने सरळ सांगितलं. कुत्रं खात नव्हतं, घरात त्याची दोन लहान पोरं, म्हणून त्याला होडीत घालून खाडीपार सोडून आला. दांडीत नको झालेलं कुत्रं असंच सोडतात. जमिनीवरून नेलं तर वास काढत परत येतं. त्याला वाटलं, बापावरचं संकट टाळलं. मी तिथेच रडत डॉक्टरांचं सगळं बोलणं सांगून टाकलं. हरेशचा चेहरा पांढरा पडला. तांडेलांनी पडवीतली एक दोरी उचलली आणि ते खाडीच्या वाटेला लागले.

खाडीवर पोचलो तेव्हा भरती चढत होती. हरेश आणि तांडेल होडीत बसले, मला दोरी देऊन अलीकडे ठेवलं. समोर नुसती तिवरांची झाडी. तांडेल होडीत उभे राहून खलाशांना बोलवायच्या लांब आवाजात हाका मारत होते. पाचव्या हाकेला त्यांचा आवाज फाटला. माझ्या कानात मात्र त्या बंद दारामागचा आवाज घुमायला लागला होता.

मग तिवरांतून खलाशी आला. चिखलात उभा राहिला. पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भितं, असं आमच्याकडे सगळे म्हणायचे, म्हणून माझा सगळा जीव त्याच्या पुढच्या पायांत गोळा झाला. त्याने पाणी हुंगलं आणि उडी मारली. ज्याने आपल्याला सोडून दिलं त्याचीच ही होडी, हे त्याच्या ध्यानात असावं. तो होडीला वळसा घालून सरळ माझ्या दिशेने पोहत निघाला.

तांडेल ओरडले, ‘बाई, धरा त्याला! पळाला तर गावायचा नाय.’

कुत्रे धरा म्हणून ओरडायचं काम माझं होतं. धरायचं काम त्यांचं. खलाशी काठावर आला, अंग झाडलं, माझं लुगडं चिखलाने भरलं. मी दोन्ही हातांनी त्याच्या मानेची कातडी पकडली आणि दोरी अडकवली. तो गुरगुरला. मी मोठ्याने रडत होते, देवाचं नाव घेत होते, पण होडी परत येईपर्यंत हात काढला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे तांडेल कपडे करून माझ्या दाराशी आले. म्हणाले, ‘चला बोईसरला. तुमी धरलात, आता माजी पाळी.’ पहिल्या सुईच्या वेळी त्यांनी डोळे मिटले आणि माझं मनगट इतकं आवळलं की चार दिवस वळ होते. ‘जाम भ्यालो, बाई,’ एवढंच म्हणाले. रोज एक, अशी पाच इंजेक्शनं झाली. दहावा दिवस उलटला तेव्हा खलाशी वलांडीखाली बोंबील खात होता, आणि डॉक्टरांनी पुढची सगळी रद्द केली.

पुढे माझी बदली पालघरला झाली. वर्षा-दोन वर्षांनी दांडीला जायची, कुंपणापाशी ओरडायची आणि तांडेल यायचे. नंतर नंतर काठी टेकत, फार हळू. खलाशी गेला, नाखवा गेला, बोयाच्या नातवंडांनी अंगण भरलं.

तांडेल गेल्याचं मला उशिरा कळलं. दहाव्याला गेले, तर अंगणात बरीच माणसं होती. मला बघून दोन कुत्रे भुंकत पुढे आले, आणि मी नेहमीसारखी कुंपणाबाहेरच थांबले. तोंडातून निघून गेलं, ‘तांडेल, कुत्रे धरा!’

काकीने पदर तोंडाला लावला. हरेश उठायला लागला, त्याला मी हाताने थांबवलं. फाटक उघडलं, जवळच्या कुत्र्याच्या मानेवर हात ठेवला, आणि थरथरत, त्याला धरूनच आत गेले.