शिट्टीशिवाय अक्षता नाही

बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यातला चुडामण लग्नाकार्यात माइक आणि भोंगा लावायचा. मशीन त्याचं जन्माचं रडकं. माइक जरा भोंग्याकडे कलला की भोंग्यातला आवाज माइकात, माइकातला पुन्हा भोंग्यात, अशी गरगर सुरू व्हायची. मग 'कूंऽऽऽ' अशी शिट्टी निघायची की तान्ही पोरं दूध सोडून देत. चुडामण धावत जाऊन बटण पिरगाळी आणि मांडवभर शिव्या खाई.

त्याचं नशीब उघडलं जवळच्या फोपनार गावात, मथुराबाईच्या थोरल्या नातवाच्या लग्नात. म्हातारी ठार बहिरी. भटजींचं शेवटचं 'सावधान' झालं आणि नेमकी शिट्टी निघाली. किती वर्षांनी तिच्या कानात काहीतरी शिरलं! "देव बोलला रे बाप्पा!" म्हणत तिने अक्षता टाकल्या. पुढल्या साली नातसुनेला जुळे मुलगे झाले. मग काय विचारता! फोपनार म्हणू नका, निंबोला म्हणू नका, शिट्टीवाचून लग्न लागेना. भटजींनी कितीही घसा फोडावा, लोक अक्षता मुठीत दाबून बसत आणि शिट्टी झाली की टाकत.

चुडामणनेही मग हात बसवला. माइक तांब्यात धरला की शिट्टी जाड यायची, तांब्याचं तोंड तळहाताने झाकत नेलं की बारीक व्हायची, आणि हळूहळू मागे सरकलं की सनईसारखी वळायची. तो फेटा बांधून येऊ लागला, भटजींच्या शेजारी पाट मागू लागला. माणसाला मान मिळाला की तो आपल्या खोडीलाही कला म्हणतो, त्याला आपण काय करणार!

अशात छप्पन साल आलं, राज्यांची नवी वाटणी झाली. बुऱ्हाणपूर नागपूरच्या राज्यातून सुटून भोपाळच्या राज्यात गेलं. नवे साहेब आले, इतवाऱ्यात सभा भरली. स्वागतासाठी लोकांच्या हातात फुलांच्या पाकळ्या दिल्या होत्या. अध्यक्ष गजाननशेठ. शेठजींनी साहेबांना हार घातला, साहेबांनी तोच काढून शेठजींना घातला, आणि तेवढ्यात चुडामणच्या भोंग्याने शिट्टी मारली. सवयीने सगळ्या पाकळ्या दोघांवर पडल्या. वाजंत्री सुरू झाली. "लागलं रे भो लगन!" कोणीतरी ओरडलं. साहेबांना वाटलं, इकडची रीतच असेल. ते हात जोडून हसत राहिले, शेठजी मात्र नव्या नवरीसारखे खाली बघत होते.

साहेबांना कोणीतरी नंतर उलगडून सांगितलं. दुसऱ्या दिवशी चुडामणला बोलावणं आलं. "सरकार की हँसी उड़ाते हो?" साहेब गरजले. चुडामण मान खाली घालून घरी आला. बायको रंभाबाईला म्हणाला, "आपली कोकिळा एकुलती एक. तिच्या लग्नात हा तमाशा नको. मंत्र लोकाइले नीट ऐकू आले पाहिजे. असं एक तरी लगन मले लावू दे."

कोकिळाचं ठरलं फोपनारच्या मोतीलालशी, म्हणजे मथुराबाईच्याच धाकट्या नातवाशी. चुडामणने खंडव्याहून नवं मशीन आणलं आणि भोंगा कडुनिंबावर दूर, पाठ फिरवून बांधला. गोरज मुहूर्ताला मंगलाष्टकं सुरू झाली. इतकी स्वच्छ ऐकू आली, की भटजींना स्वतःच्या चुका पहिल्यांदा कळल्या. चुडामणची छाती फुगली.

शेवटचं 'सावधान' झालं. एक तांदूळ पडला नाही.

"टाका, टाका!" भटजी म्हणाले. लोक मुठी आवळून भोंग्याकडे बघत होते. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले.

मथुराबाईने कानावर हात ठेवला. "शिट्टी कुठी हाय? झाल्याबिगर अक्षता पडाची नाही."

"अहो, मुहूर्त टळतो आहे! पुढचा माघाशिवाय नाही," भटजी कळवळले.

वऱ्हाडी आपसात बोलू लागले, की मग माघातच बघू. भर मांडवात लग्न अडलेल्या मुलीला गाव काय म्हणतं, हे चुडामणला ठाऊक होतं. तो माइक घेऊन कडुनिंबाखाली धावला. भोंगा स्वतःकडे वळवला, बटणं पिरगाळली, माइक तांब्यात घातला. मशीन ढिम्म. चांगल्या घरचं ते, मोठ्याने ओरडणं त्याला माहीतच नव्हतं. "रड ना रे," चुडामण त्याच्या पाया पडला, "आज एकदा रड!"

अंतरपाटाआडून कोकिळाचा आवाज आला, "बाबा, माह्यं लगन लावा ना."

चुडामणने वळून पाहिलं. आजवर लग्नात त्याची नजर वायरीवरच असायची. मुंडावळ्या बांधलेली, हातात माळ धरलेली ही पोर आज घरी येणार नाही, हे त्याला तिथे उभ्या उभ्या कळलं. तांब्यातून काढलेला माइक त्याने छातीशी धरलेला होता. त्याला हुंदका फुटला. तो हुंदका भोंग्यात गेला, भोंग्यातून माइकात आला, पुन्हा भोंग्यात गेला, आणि फिरत फिरत त्याची अशी लांब शिट्टी झाली की घरी परतणारी गुरं रस्त्यात थबकली.

अंतरपाट खाली आला. अक्षतांचा मारा झाला. "देव बोलला!" मथुराबाईने हात जोडले.

वाजंत्री सुरू झाली तरी शिट्टी थांबेना. शेवटी रंभाबाई उठली. तिने त्याच्या हातातून माइक काढून घेतला आणि बटण पिरगाळलं. शिट्टी थांबली, चुडामण काही थांबला नाही.