कामगार कोट्यातलं औषध

किसनला जाऊन वर्ष होत आलं, तरी त्याचा राग माझ्या मनातून जात नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मी चांगलंही बोलेन, पण ते सगळं बोलून झालं की शेवटी राग उरतोच, त्याला मी काय करू?

काळेवाडीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. दुचाकी बनवणाऱ्या एकाच कंपनीत आम्ही उमेदीची सगळी वर्षं काढली. मी तपासणी विभागात, किसन मेंटेनन्सला फिटर. मशीन बंद पडलं की त्याला हाक जायची. तो आधी मेन स्विच पाडायचा, त्यावर लाल टॅग अडकवायचा आणि मगच मशीनच्या पोटात हात घालायचा. टॅग दिसला की मशीन बंद, मग समोर मॅनेजर असो नाहीतर मालक. एकदा एका घाईतल्या साहेबाने त्याचा टॅग काढायला हात पुढे केला, तर किसनने सरळ त्या साहेबाचं मनगट धरलं. त्याबद्दल मेमो मिळाला, तर तो महिनाभर सगळ्यांना दाखवत हिंडला.

कंपनीवर त्याचं असलं वेडं प्रेम होतं. दुसऱ्या कंपनीच्या गाडीवर मागेसुद्धा बसायचा नाही, भर उन्हात पायी येईल. नवं मॉडेल यायच्या आधी कारखान्यात गाड्या ताडपत्रीखाली झाकून ठेवायचे आणि आम्हाला तंबी मिळायची की बाहेर अवाक्षर बोलायचं नाही. आम्ही सगळे थोडंफार बोलायचोच. किसन नाही. वेल्डिंगचा धम्मरत्न कंपनीच्या बसमध्ये आमच्याबरोबर असायचा, तो मुद्दाम खोडी काढायचा, "काय किसनभाऊ, नवी गाडी येतीय म्हणं?" किसन इतक्या गंभीरपणे "कसली गाडी? काय न्हाई," म्हणायचा की ज्याने ती गाडी डोळ्यांनी पाहिली त्यालाही शंका यावी. मग गाडी बाजारात यायची आणि आमच्यासाठी सवलतीत राखलेल्या कामगार कोट्यातून पहिल्याच फेरीत किसनच्या दारात उभी राहायची. हँडलला हार घालताना तो आमच्याकडे बघून डोळा मारायचा. त्याची बायको गिरजावहिनी म्हणायची, "या माणसानं मलासुदिक सांगितलं न्हवतं."

त्याची मुलगी साक्षी एमएस्सी होऊन चाकणच्या एका संशोधन कंपनीत लागली, तेव्हा त्याने सगळ्या गल्लीत पेढे वाटले. परदेशी औषध कंपन्यांसाठी तिथे कॅन्सरच्या पेशी बाटल्यांमध्ये वाढवतात आणि त्यांच्यावर नवनवी रसायनं टाकून बघतात. एका रविवारी ओट्यावर चहा पिताना किसनने तिला विचारलं, "तू करतीस काय गं नेमकं?"

तिने समजावून सांगितलं. पेशीत डीएनएचा लांबच लांब धागा असतो. तो नुसता पडलेला नसतो, हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. काही एन्झाइम त्या रिळांवर खुणा लावत असतात. एका प्रकारची खूण लागली की धागा तिथे घट्ट आवळला जातो आणि त्या भागात लिहिलेली सूचना पेशीला वाचता येत नाही. ती ज्या लिम्फोमावर, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरवर, काम करत होती, त्यात ही खूण लावणारं एन्झाइम मोकाट सुटतं आणि 'आता वाढ थांबव' सांगणाऱ्या सूचनांवरच खुणा लावतं. मग पेशी वाढतच राहतात.

"म्हंजे लाल टॅग!" किसन उडालाच. "आन् त्यो बी ब्रेकवर लावलाय कुण्या गाढवानं!"

"अगदी तसंच, पप्पा. आमचं रसायन त्या टॅग लावणाऱ्याचे हात बांधतं. जुने टॅग लगेच जात नाहीत. पेशी विभागत जातात तसे ते विरळ होतात, म्हणून परिणाम दिसायला बरेच दिवस लागतात. पण बाटलीत तरी पेशी थांबल्या आहेत."

"बाटलीत तरी" हे तिचे शब्द मी ऐकले होते. किसनने फक्त "थांबल्या" एवढंच ऐकलं. आठवड्याभरात साऱ्या विहाराला कळलं की किसनची पोरगी कॅन्सरचं औषध बनवते.

पुढच्या वर्षी त्याच्या मानेला गाठी आल्या. तपासणीत निघाला लिम्फोमा, साक्षीच्या बाटल्यांमध्ये होता त्याच जातीचा. योगायोग असतात, पण असला हलकट योगायोग मी दुसरा पाहिला नाही. सावकाश वाढणारा प्रकार होता. डॉक्टर म्हणाले, सध्या नुसती नजर ठेवू, गरज पडली की औषधं सुरू करू. किसन हे ऐकून खूश झाला. गिरजावहिनी घाबरून रडत होती, तर तिला म्हणाला, "रडतीस काय? औषध आपल्या घरचंच हाय."

गाठी काखेत आल्या, पोटात आल्या. डॉक्टर म्हणाले, आता केमो सुरू करा, या आजाराला ती चांगली लागू पडते. किसन म्हणाला, "थांबतो जरा." का थांबतो ते त्याने फक्त मला सांगितलं. "बाहेरचा माल कशाला घ्यायचा, राव? पोरीच्या कंपनीचं आलं की आपल्याला कामगार कोट्यातून मिळंल."

मी त्याला नाही नाही ते बोललो आणि त्याच संध्याकाळी साक्षीला त्याच्यासमोर बसवलं. ती म्हणाली, "पप्पा, तसलं काही औषध येणार नाहीये. ते काम बंद झालं. प्राण्यांवरच्या चाचणीत लिव्हरला त्रास झाला, त्यांनी सोडून दिलं ते रसायन. त्याला नावसुद्धा नव्हतं, नुसता नंबर होता."

"कोणता नंबर?"

"तो मला सांगता येत नाही. करारावर सही केलीय मी."

किसनने माझ्याकडे वळून डोळा मारला.

त्या क्षणी मला सगळं कळलं. ती जितकं नाही म्हणेल तितकी त्याची खात्री पटत जाणार होती. उभा जन्म त्याने स्वतः तेच केलं होतं. साक्षी रडली तर तो तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हणायचा, "असू दे. तुझी अडचण मला कळती. मी कुणाला बोलणार न्हाई." गिरजावहिनीने जेवण सोडलं, मी बोलणं सोडलं, डॉक्टरांनी हात जोडले. तो आपला ताडपत्री उठायची वाट बघत बसला. वजन उतरत चाललं, तरी चेहऱ्यावर एक गुपित जपणारं हसू होतं. ते हसू बघून मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटायची.

शेवटी साक्षीने साहेबांच्या हातापाया पडून परवानगी काढली आणि आम्हा दोघांना चाकणला नेलं. तिचे साहेब अनिश स्वतः भेटले. त्यांनीही तेच सांगितलं आणि किसनने मान डोलावली, आमच्या जुन्या मॅनेजरपुढे डोलवायचा तशी. मग साक्षीने काचेपलीकडची खोली दाखवली. टेबलं रिकामी होती. पेशी वाढवायचं कपाट कोपऱ्यात सरकवलेलं, त्याचं दार उघडं, वायर गुंडाळून वर ठेवलेली. आणि दाराच्या मुठीला लाल टॅग.

किसन काचेला नाक लावून तो टॅग बघत राहिला. नंतर त्याने साक्षीकडे पाहिलं, आणि या खेपेला डोळा मारला नाही.

"खरंच बंद हाय व्हय गं?" तो म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी तो हॉस्पिटलात दाखल झाला. नवी तपासणी झाली. सावकाश वाढणारा आजार आता भराभर वाढणाऱ्या प्रकारात बदलला होता. डॉक्टर म्हणाले, असं काही जणांत होतं, आधी औषधं घेतली असती तर टळलंच असतं असं छातीठोक सांगता येत नाही, पण अंगात ताकद असताना यायला हवं होतं. केमो दिली. ती सोसायला अंगात काही उरलं नव्हतं. शेवटच्या दिवसांत तो नर्सला सलाइनच्या बाटलीवरचं कंपनीचं नाव वाचून दाखवायला सांगायचा. ती वाचायची आणि तो डोळे मिटून घ्यायचा.

किसनच्या जलदानविधीच्या दिवशी विहाराबाहेर साक्षी माझ्याशेजारी उभी होती. ती रडत नव्हती. म्हणाली, "काका, मी खोटं बोलायला हवं होतं. केमोची बाटली दाखवून म्हणायचं होतं, पप्पा, हेच ते, आमच्याच कंपनीचं. त्यांनी मुकाट घेतली असती. मी खरंच सांगत बसले." मलाही ते सुचलं नव्हतं. आम्हा सगळ्यांना खरं बोलण्याची एवढी हौस!

तेवढ्यात धम्मरत्न आला. म्हातारा झालाय, काठी टेकत चालतो. साक्षीला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "पोरी, आज बोलायची येळ न्हाई, पन आमच्या मंडळीला, सोजरबाईला बी तसल्याच गाठी निघाल्यात. डॉक्टर केमो म्हंत्यात. तुमचं त्ये औषध कधी येनार हाय?"

"तसलं औषध नाहीये, काका," साक्षी म्हणाली. "येणारही नाही. काकूंची केमो उद्याच सुरू करा. तुमच्या पाया पडते."

धम्मरत्नने चौफेर नजर टाकली, कुणी ऐकत नाही ना याची खात्री केली आणि समाधानाने मान हलवली.

"कळलं, कळलं," तो म्हणाला. "किसन सांगायचा, पोरगी लई पक्की हाय." आणि त्याने तिच्याकडे बघून डोळा मारला.