भाकरीवरचं फूल

वडील वारल्यावर आईनं फुलं माळायचं सोडलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या कडेगावात असलं काही सांगावं लागत नाही. फौजेतून सुट्टीवर येताना वडील सांगलीच्या स्टँडवर गजरा घ्यायचे आणि घरी पोचेपर्यंत तो पार मलूल व्हायचा. तसलाच गजरा आई दुसऱ्या दिवशीही डोक्यात ठेवायची. म्हणूनच चुलतबहिणीच्या लग्नात मी तिच्या अंबाड्यात मोगरा खोचला आणि तिनं तो काढून पदरात बांधला, तेव्हा मला तिचा नाही, सगळ्या गावाचा राग आला.

व्हायोलाचं बी मी त्या रागातच मागवलं. थंडीत येणारं चिमुकलं फूल, जांभळं-पिवळं, आणि मुख्य म्हणजे खाता येणारं. माळायचं नसेल तर खा म्हणावं. आईला हे काही पटेना. हादग्याच्या फुलांची भाजी तू मिटक्या मारत खातेस की, म्हटलं, तर म्हणाली, ती भाजी झाली, हे फूल आहे.

पेरायला मात्र तीच पुढं. घरची उसाच्या रोपांची नर्सरी. ट्रे भरण्यात तिचा हात कोण धरणार? दिवाळी नुकतीच झाली होती. खसखशीसारखं बी तिनं पेरलं आणि उसाच्या कांडीवरच्या डोळ्यांचं करतात तसंच केलं. ट्रे एकावर एक रचले, काळ्या प्लास्टिकनं करकचून झाकले आणि उन्हात ठेवले. ऊस त्या उबेनं तरारून उगवतो, पण व्हायोलाला ऊब सोसत नाही. काही दिवसांनी प्लास्टिक उघडलं तर नुसती वाफ आली, कोंबाचा पत्ता नाही. आई ट्रेकडं बघत म्हणाली, "लय लाडाचं दिसतंय."

पाकिटात थोडं बी उरलं होतं. त्याला अंधार लागतो, पण गारवाही लागतो, हे वाचून दाखवल्यावर तिनं ट्रे माठाच्या तिवईखाली सरकवला आणि वर ओलं गोणपाट टाकलं. कोंब दिसताच तो उजेडात आणला. मग रोपं तेलाच्या जुन्या डब्यांत लावली आणि कोवळं ऊन मिळावं म्हणून पूर्वेच्या भिंतीकडेला ठेवली. मी इस्लामपूरला नोकरीला. तिच्या फोनवर रोपांची तब्येत आपोआप कळायची, तिची स्वतःची विचारावी लागायची.

संक्रांतीनंतरच्या रविवारी घरी गेले तर डबे फुलून आले होते. गल्लीत हळदीकुंकवं चालली होती. आईला बोलावणं नव्हतं. तिनं फुलं देवाला वाहिली, वडिलांच्या फोटोला वाहिली. जेवायला बसलो तेव्हा मी धुतलेलं एक फूल तिच्या भाकरीवरच्या लोण्यावर ठेवलं. हेही तिनं काढून ठेवलं असतं, तर पुन्हा तिच्यासमोर फूल धरायचं धाडस मला झालं नसतं.

तिनं दाराकडं एकदा पाहिलं. मग फुलासकट घास मोडला आणि बराच वेळ चावत राहिली. कसं लागलं विचारलं तर म्हणाली, गवतावाणी. डोळे मात्र भरले होते तिचे.

"डोक्यात माळलं असतं तर गाव बोललं असतं," ती म्हणाली. "आता पोटात हाय. कुणाला दिसतंय?"

आणि दुसऱ्या फुलासाठी तिनं ताट माझ्याकडं सरकवलं.