पोटाशी बांधलेले मूग

ऑक्टोबर संपता संपता मी पोस्टवर पोहोचलो. उंची सोळा हजार फुटांच्या वर. आम्ही बारा जण, एक बंकर, रॉकेलवर जळणाऱ्या दोन बुखाऱ्या, म्हणजे ऊब देणाऱ्या शेगड्या. मी हवालदार, राशन माझ्या ताब्यात. आता रिटायर होऊन वर्ध्याला नालवाडीत राहतो. लोक भेटले की बंदुकीचं विचारतात. मी मुगाचं सांगतो, तेव्हा त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

आमचा लांगरी, म्हणजे स्वयंपाकी, नायक मारोती. देवळीचा. जिल्ह्यातला माणूस भेटला म्हणून मी खूश झालो. तो बोलायचा कमी. पहाटे चारला उठून बर्फ वितळवायचा, सहाला चहा, आठला नाश्ता. बटाटे सालीसकट उकडायचा. एकदा मी सालं काढायला सांगितली.

"काऊन काढता, हवालदार साहेब? सत्त्व सालीखालीच राह्यते," तो म्हणाला.

नोव्हेंबरच्या शेवटच्या लोडमध्ये, म्हणजे खालून आलेल्या रसदीत, संत्र्यांच्या चार पेट्या आल्या. हातात घेतलं तर दगड. एकेक संत्रं आतपर्यंत गोठलेलं.

"राहू द्या त्यायले बर्फातच," मारोती म्हणाला. "लागन तेवढे काढू."

"तू मले संत्रं शिकवून राह्यला का?"

वर्धा जिल्ह्यातला माणूस, संत्र्याच्या बाबतीत कोणाचं ऐकतो? मी चारही पेट्या बुखारीभोवती रचल्या. दोन दिवसांत फळं वितळली, लिबलिबीत आणि कडू झाली. चौथ्या दिवशी बुरशी. सगळी फेकावी लागली. मारोतीने माझ्यासोबत ती उचलून बाहेर टाकली. त्याने शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर रस्ता बंद झाला. डिसेंबरअखेर ताजं म्हणून फक्त बटाटे आणि कांदे उरले. व्हिटॅमिनच्या गोळ्यांचा नवा डबा खालच्या कॅम्पवर अडकला होता.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात शिपाई करणची तब्येत बिघडली. गढवालचा, दोरावर चढण्यात सगळ्यांत पटाईत. उंचीवर भूक मरते. हा गडी दोन महिने चहा-बिस्किटांवर काढत होता आणि कोणाला सांगत नव्हता. हिरड्यांतून रक्त येत होतं. हातावरची जुनी जखम भरत नव्हती. पाय सुजले होते. सकाळी साडेनऊला कॅप्टन साहेबांनी रेडिओवर डॉक्टरांना गाठलं.

"व्हिटॅमिन सी की कमी है. फ्रेश क्या बचा है? ओव्हर."

"आलू, प्याज. ओव्हर."

"संतरे भेजे थे. ओव्हर."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "खराब हो गये. ओव्हर."

"हेलिकॉप्टर मौसम खुलने पर. तब तक कुछ ताजा खिलाइये, नहीं तो लडका हाथ से जायेगा. आउट."

मौसम कधी उघडेल, कोणालाच ठाऊक नव्हतं. मी मान वर करू शकलो नाही.

मारोती सरळ स्टोअरमध्ये गेला आणि मुगाचं पोतं उघडलं. वाळक्या मुगात व्हिटॅमिन सी नावालाच असतं; मोड आले की ते तयार होतं. आपल्या घरात उसळीसाठी मूग भिजत घालतात, त्यात नवल काही नाही. पण तिथे बंकरच्या कोपऱ्यात ठेवलेलं पाणी गोठत होतं. बुखारीजवळ ठेवलं तर दाणे सुकत. मारोतीने जुनी बनियन फाडली, भिजलेले मूग त्यात बांधले आणि ती ओली पुरचुंडी पार्काच्या, म्हणजे जाड बर्फाळी कोटाच्या आत, उघड्या पोटावर बांधली.

"अरे, गारठून मरशीन!" मी म्हणालो.

"माणसाच्या अंगाएवढी बरोबर ऊब कोठी भेटन, भाऊ?"

तीन दिवस तो ती बांधून फिरला. तिच्यासह झोपला, तिच्यासह पोळ्या लाटल्या. तिसऱ्या दिवशी मोड आले, बोटाच्या पेराएवढे. तोवर दुसरी पुरचुंडी पोटावर होती. करणला चावता येईना, म्हणून मारोतीने मूग ठेचून कोमट डाळीच्या पाण्यात कालवले. उकळत्या पाण्यात नाही. जास्त शिजवलं की व्हिटॅमिन सी बरंचसं नष्ट होतं. सोबत कुस्करलेला बटाटा. करण तोंड फिरवायचा. मारोती चमचा धरून बसायचा, अर्धा तास, पाऊण तास.

"खा ले, बेटा. फिर मत बोलना लांगरी ने पूछा नहीं."

आठव्या दिवशी हिरड्यांचं रक्त थांबलं. पंधराव्या दिवशी करण काठी न घेता उभा राहिला. बाकी सगळ्यांनाही रोज मूठभर मोडाचे कच्चे मूग, मीठ आणि कांदा मिळत होता. मी शौर्यपदकं मिळवलेली माणसं जवळून पाहिली आहेत. मारोती मला त्यांच्या रांगेतलाच वाटतो.

मार्चमध्ये रस्ता उघडला. खाली ताजं लोड आलं होतं: पालक, टोमॅटो, कोबी, लिंबं. आणायला चार जण जाणार होते. लांगरीचं त्यात काम नव्हतं. मारोतीने स्वतः परवानगी मागितली.

"पालक दाबून भरतीन, साहेब. काळा पडन. मी निवडून आणतो."

ते निघाले त्या दिवशी, अकरा वाजून दहा मिनिटांनी रेडिओ वाजला.

"स्नो स्लाइड. एक मिसिंग. ओव्हर."

"कौन? ओव्हर."

"लांगरी. ओव्हर."

आम्ही तिथे धावलो, कोसळलेला बर्फ दोन तास खणला. सगळ्यांत पुढे करण होता. मारोती सापडला तेव्हा उशीर झाला होता.

मे महिन्यात सुट्टीवर आलो, तेव्हा देवळीला त्याच्या घरी गेलो. वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, जेवायला वाढलं. अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर. मी त्यांना सगळं सांगितलं, संत्र्यांसकट. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, सगळ्यायले खाऊ घालत होते म्हणता. मंग त्यायनं सोता खाल्ले का ते मूग?"

कोण किती पोळ्या खातो, हे मला तोंडपाठ होतं. मारोती काय खायचा, ते आठवेना. तो सगळ्यांच्या नंतर बसायचा, एवढंच.

"वहिनी, आमी कोणी पाह्यलंच नाई."

"मले वाटलंच होतं," त्या म्हणाल्या आणि माझ्या ताटात आणखी भाजी वाढली. मला रडू आलं, मी ते लपवलं नाही.

नायक मारोती, लांगरी, मुक्काम देवळी. पोस्टवर आम्ही बारा जण होतो. अकरा जणांना त्याने जेवू घालून घरी पाठवलं.